घरामागच्या काळ्या मातीत काहीच टिकत नाही. ती काढून लाल माती भरावी का?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं, मग जुनं सगळं आठवून रात्री झोप लागेना. लातूरला नवीन घर, मागं १० बाय २० फुटांची जागा, काळी चिकट माती. रसायनं न वापरता निसर्गाच्या कलानं भाजीपाला करायचाय, आणि कुणीतरी सांगितलंय की आधी ही माती काढा, लाल भरा. त्या कुणीतरीला मी ओळखत असेन असं वाटतंय. नसेन तर तो आमच्या धाकट्या दिरांसारखाच दुसरा असणार.

नका काढू. एवढंच हवं असेल तर इथंच थांबा.

आमची मागची जागाही बरोब्बर तेवढीच. २०१३ च्या मे महिन्यात माझ्या धाकट्या दिरांनी ती बघितली आणि म्हणाले, "वहिनी, ह्या चिखलात गुलाब येत नसतो. पुण्याच्या नर्सऱ्या बघा, सगळी लाल माती." भाऊजी बांधकामाची कामं घेतात, टिपर घरचाच. मला गुलाबाची हौस. वरची फूटभर काळी माती काढली आणि लाल भरली. २०० चौरस फुटाला एक फूट म्हणजे २०० घनफूट, २ ब्रास. भाऊजींचा हिशोब चोख. पैसेही चोख घेतले.

आडव्या आल्या त्या फक्त सासूबाई, आमच्या आत्याबाई. मोरीजवळच्या कोपऱ्यात त्यांची तुळस, कढीपत्ता, थोडं अळू. खोरं घेतलेल्या पोराला त्यांनी दम भरला, "हितं हात लावलास तर बघ!" पाच बाय पाचचा तुकडा तेवढा वाचला. मला तेव्हा त्यांची लाज वाटली होती, हे कबूल करते.

त्या पावसाळ्यात झड लागली आणि तीन दिवसांत खेळ आटोपला. काळ्या मातीला पाणी लागलं की ती फुगते आणि तळ बंद करून टाकते. म्हणजे आम्ही काय केलं होतं, तर काळ्या मातीची घंघाळ केली आणि तिच्यात लाल माती भरली. वरून पडलेलं पाणी लाल मातीतून झरझर खाली गेलं आणि तळाशी साचून राहिलं. वरून माती कोरडी दिसायची, म्हणून मी शहाणी वर आणखी पाणी घालत होते! पोळ्याच्या आसपास एक गुलाब उपटला. मुळ्या काळ्याठिक्कर, बोटानं दाबल्या की साल निघून हातात येत होती, वास थेट गटाराचा. बारापैकी अकरा गेले. बारावा कुंडीत होता.

मग दुष्काळ. २०१६ चा एप्रिल लातूरकराला सांगायला नको, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो. बागेला पाणी घालणं म्हणजे चोरी केल्यासारखं वाटायचं. लाल माती भाजलेल्या विटेच्या भुकटीसारखी झालेली. एका दुपारी मी आत्याबाईंच्या कोपऱ्यात कढीपत्ता तोडायला गेले. तिथं त्या रोज अंगण झाडलेला कडुनिंबाचा पाचोळा, भाजीची देठं, शेंगांची टरफलं टाकायच्या. "कचरा कुठं टाकलालीस? हिकडं आण," हे तर दिवसातून दोनदा. वितभर थर होता. हात घातला तर वरचा पाला कुरकुरीत, त्याखालचा मऊ, जाळीदार, पांढऱ्या बुरशीच्या तंतूंनी एकमेकांना चिकटलेला, आणि त्याखाली माती थंड. बाहेर ४२ अंश आणि ही माती थंड! मुठीत दाबली तर लाडू झाला, अंगठा टेकवला की फुटला. शेजारच्या बोळातली उघडी काळी माती मात्र भेगाळलेली, एका भेगेत माझा मनगटापर्यंत हात जात होता. माती एकच, त्याच प्लॉटची.

हे मी भाऊजींना सांगितलं तर ते म्हणाले, "पाचोळ्यानं काय होतंय, तिथं मोरीचं पाणी जातंय." हा वाद आमच्यात अजून चालू आहे, राखीला, दिवाळीला, लग्नकार्यात. म्हणून २०१७ च्या उन्हाळ्यात मी दोन वाफे केले. दोन्हींत वांगी, दोन्हींना मोजून तेवढ्याच तांब्यांनी पाणी, मोरीचा थेंब नाही. एकावर सोयाबीनचं भुस्कट चार बोटं जाड, दुसरा उघडा. उघड्यातली वांगी रोज दुपारी माना टाकायची. झाकलेल्याला एकदा घातलेलं पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत पुरायचं. भाऊजींना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, रोपं वेगळ्या जातीची असतील.

आता तुमच्या कामाचं. आपल्या मातीत चुना भरपूर, सामू (पीएच) ८ च्या वर. मोबाइलवर बागेचे जे व्हिडिओ फिरतात त्यातले निम्मे आंबट मातीसाठीचे असतात. अंड्याची टरफलं, चुलीची राख, चुन्याची निवळी, यातलं काहीही इथं टाकू नका. आहे त्या चुन्यात आणखी चुना कशाला? मोगरा, लिंबू, गुलाब पिवळा पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर तो बहुतेक लोह कमी पडल्यानं होणारा केवडा रोग. लोह मातीत असतं, पण चुन्यामुळं झाडाला मिळत नाही. मी हिराकस (फेरस सल्फेट) शेणखतात मुरवून थोडं थोडं देते. रसायन म्हणायचं तर म्हणा, माझं काही बिघडत नाही.

भुस्कट वरच ठेवा, मातीत कालवू नका. कच्चं भुस्कट कुजताना मातीतलं नत्र तेच खाऊन टाकतं आणि रोपं पिवळी पडतात. शेणखत पूर्ण कुजलेलं, हुंगून घ्या, शेणाचा वास आला तर परत पाठवा. आमच्या आत्याबाई इथं मात्र चुकायच्या. ताजं शेण आणून टाकायच्या आणि मुळं खाणारी हुमणी आमच्या अळूच्या मुळाशी. पावसाळ्यासाठी वाफे फूटभर उंच करा, नाहीतर आमची घंघाळ तुमच्याकडंही होईल.

गांडुळं विकत आणू नका. मी किलोभर आणून मे महिन्यात वाफ्यात सोडली होती, आठवड्यात एक दिसेना. खताच्या बेडमध्ये जी लाल गांडुळं असतात ती शेण-पाल्यात जगणारी, मातीत राहणारी नव्हेत. झाकून ठेवलं की दुसऱ्या पावसाळ्यात आपली गावठी आपोआप वर येतात, सकाळी त्यांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसतात. जीवामृताचं विचारणार असाल तर द्या की. २०० लिटर पाण्याला १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि मूठभर माती असं माप आहे. तुमच्या जागेला त्याचा दहावा हिस्साही खूप. पण तापलेल्या उघड्या मातीवर ओतायचं असेल तर त्या बेसनाची भजी करा.

एक राहिलंच, आणि ते आधी सांगायला हवं होतं. पाचोळ्यात गोगलगायी लपतात. २०२२ ला सोयाबीनवर शंखी गोगलगायी आल्या होत्या तेव्हा माझी पालकाची रोपं दोन रात्रींत साफ झाली. तेव्हापासून पावसाळ्यात कोवळ्या रोपाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवते आणि गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट संध्याकाळी टाकते. सकाळी त्याखालच्या वेचून मिठाच्या पाण्यात. किळस येते, पण दुसरं कुणी करत नाही.

आणि मोरीच्या पाण्याबद्दल भाऊजी निम्मे बरोबर होते, हे इथं लिहिते कारण ते हे वाचणार नाहीत. पाण्यानं तो कोपरा जगायला मदत झालीच असणार. पण आत्याबाई राखेनं भांडी घासायच्या तोवर ते ठीक चाललं, म्हणजे राखेचं वर म्हटलंय ते सोडून. साबणाची पावडर आली तसं अळूभोवतीची माती दगडासारखी बसायला लागली. आता ते पाणी मी गटारात सोडते. तुम्हीही सोडा.

आमची ती फूटभर काळी माती कुठं गेली, हे विचारा. भाऊजींनी त्याच टिपरनं नेऊन स्वतःच्या बरडावर पसरली. जिथं कुसळं उगवत होती तिथं आता ते हरभरा काढतात आणि दर वर्षी मला एक पिशवी ढाळे पाठवतात. मी सोलून खाते, काय करणार.

उरलेल्या लाल मातीची सात-आठ पोती जिन्याखाली पडलीत. कुंड्यांना शेणखतात मिसळून चालेल. लातूरचेच आहात तर घेऊन जा, पैसे नकोत, पोती मात्र परत आणून द्या.