गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजताना ओलान्झापिन चालू ठेवावे का?

आपल्या वहिनी ओलान्झापिन (भास-भ्रमासारख्या मानसिक आजारांवरचे औषध) घेतात, त्यांना तिसरा महिना लागला आहे आणि घरची वडीलधारी मंडळी बाळासाठी गोळ्या बंद करायला सांगत आहेत, असे आपण लिहिले आहे. मी डॉक्टर नाही; खानापूर तालुक्यात राहणारी, हीच गोळी घेणारी, दोन मुलांची आई आहे. गोळी परस्पर बंद करू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. पहिल्या खेपेस मी कोणालाही न विचारता ती सोडली. काही आठवड्यांतच झोप उडाली, जेवण सुटले, भास परतले आणि दवाखान्यात दाखल होऊन पूर्वीपेक्षा मोठा डोस घ्यावा लागला, म्हणजे ज्या औषधापासून बाळाला जपायचे होते तेच त्याच्या वाट्याला अधिक आले.

ओलान्झापिन आणि त्याच गटातील क्वेटियापिन यांचा गरोदर स्त्रियांमध्ये बराच अभ्यास झालेला असून त्यांमुळे जन्मजात व्यंगांचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे दिसलेले नाही. या औषधांनी आईचे वजन आणि रक्तातील साखर मात्र वाढू शकते, म्हणून साखरेची तपासणी लवकर करून घ्यावी. जोडीला व्हॅल्प्रोएट (फिट्स आणि मनःस्थितीच्या तीव्र चढउतारांवरचे औषध) चालू आहे का, हे आजच चिठ्ठीवर पाहा. त्या औषधाने शंभरातील सुमारे 10 बाळांत व्यंग आढळते आणि बुद्धीच्या वाढीवरही परिणाम होतो; ते असल्यास आजच मानसोपचारतज्ज्ञांशी बोला.

शेवटच्या तीन महिन्यांत ओलान्झापिनच्या गटातील औषधे घेतलेल्या आईच्या नवजात बाळाला कंप, अंग ताठ किंवा सैल पडणे, ओढून दूध न पिणे, श्वासाचा त्रास असे काही होऊ शकते, अशी सूचना अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2011 मध्ये दिली होती. बाळंतपण करणाऱ्या आणि बाळाच्या डॉक्टरांना आधीच माहिती असेल, तर ते बाळावर लक्ष ठेवतात. आपल्या भागात अडचण इथेच होते. सासर बेळगावकडे, माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे; बाळंतपणाला माहेरी जाताना फाईल मागे राहते आणि लाजेपोटी गोळीचे नाव कोणी काढत नाही. मी दुसऱ्या खेपेस ते तायी कार्डावरच (कर्नाटकात गरोदर बाईला मिळणारे तपासण्यांच्या नोंदीचे कार्ड) लिहून घेतले.

ओलान्झापिन आणि क्वेटियापिन दुधात फार थोडे उतरते, त्यामुळे ती घेत असताना सहसा अंगावर पाजता येते. बाळ फार गुंगीत राहते का, वजन धरते का, हे पाहत राहावे. याच गटातील औषधांपैकी क्लोझापिन घेणाऱ्या आईने पाजू नये, असाच सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो, तर अरिपिप्राझोलने दूध कमी होऊ शकते. रात्रीच्या गोळीने गुंगी येते, म्हणून बाळाला आईच्या अंथरुणात झोपवू नये आणि रात्रीचे निदान एक पाजणे वाटीचमच्याने दुसऱ्या कोणीतरी करावे, कारण जागरणाने आजार उलटतो.

जवळ तज्ज्ञ नसल्यास 14416 या टेली-मानसच्या (फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सरकारी सेवा) मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते. धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे आणि बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेमध्ये आई व बाळाला एकत्र ठेवणारा विभाग आहे. बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात, तेव्हा त्या दिवसांतील भेटीची तारीख वहिनी माहेरी जाण्याआधीच ठरवून घ्या.