सासूबाई सारखं 'च्च' करतात, मी काही चुकतेय का?

लग्न होऊन नागपूरहून सांगलीत आलात आणि सासूबाईंच्या 'च्च'नं जीव घाबरा होतो, असं तुम्ही लिहिलंय. ताई, मी जन्मानं सांगलीची. आधी ते किती वेळा वाजतं ते ऐका.

एकदाच, तुटक आलं तर वैताग. तोही बहुतेक वेळा माणसावर नसतोच. दूध उतू गेलं, लाइट गेली, मिरची संपली, सगळ्याला आमच्याकडे तेच. दोन-तीनदा, हळू, मान हलवत आलं तर ती हळहळ. शाळेच्या व्याकरणात 'छे', 'छट्', 'अंहं' यांच्या पंगतीला 'च' विरोधदर्शक म्हणून बसवलेला असतो, पण तो अर्धाच हिशोब झाला.

उरुसात मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात गाणं ऐकायला बसा. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यांची कबर तिथंच आहे, आणि त्यांच्या स्मरणार्थ तिथं मोठमोठे गवई गातात. सूर नेमका लागला की पुढं बसलेले जुने कानसेन डोळे मिटून 'च्च!' करतात. नवख्याला वाटावं, गवई चुकला. ती दाद असते! माझ्या मते 'वाहवा'पेक्षा वरची, कारण 'वाहवा' ठरवून देता येते, हे आपसूक निघतं.

याला फुप्फुसातली हवा लागतच नाही. जिभेचं टोक वरच्या दातांमागं, मागचा भाग टाळूला. मध्ये कोंडलेली हवा विरळ होते आणि टोक सुटलं की बाहेरची हवा आत घुसते. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत असले आवाज चक्क व्यंजनं आहेत. तुर्कस्तानात, ग्रीसमध्ये भुवया उंचावून एक 'च्च' केलं की झालं 'नाही'. त्यात राग नसतो.

घाबरायचं तर नाकातल्या 'हं'ला घाबरा. ओठ बंद, खालची पट्टी, नजर भाजीवर. 'आई, चार दिवस माहेरी जाऊन येऊ?' 'हं.' याला होकार समजून पिशवी भरायला घेऊ नका.

'च्च' ऐकलं की मात्र सरळ विचारा, 'काय झालं, आई?' बहुधा 'चष्मा सापडंना गं' असलं काहीतरी निघेल. 'काय नाही' म्हणून पुन्हा एक 'च्च' आलं, तर ते तुमच्यावरच आहे.