वेब स्क्रिप्टमधून बाहेरचा प्रोग्राम चालत नाही? आधी हे बघा

टर्मिनलवर चालणारी कमांड वेब पानातून गप्प बसते, याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: स्क्रिप्ट तुमच्या नावाने चालतच नाही. उबुंटूवर ती सहसा 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या युजरच्या नावाने चालते. त्या युजरला तुमचं होम फोल्डर उघडता येईलच असं नाही, आणि त्याचा 'पाथ', म्हणजे प्रोग्राम ज्या फोल्डरांमध्ये शोधले जातात ती यादी, हीही वेगळी असते. म्हणून सुरुवात 'हूअ‍ॅमआय' ही कमांड (सध्या कोणत्या युजरच्या नावाने काम चालू आहे ते ती सांगते) स्क्रिप्टमधूनच चालवून करा.

मग एवढं करा:

- प्रोग्रामचा पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा मुळापासूनचा पूर्ण पत्ता, लिहा.
- एरर आउटपुट पकडा आणि एक्झिट कोड (कमांड संपताना मिळणारा आकडा) छापा. १२७ म्हणजे प्रोग्राम सापडला नाही. १२६ म्हणजे सापडला, पण चालवता आला नाही, बहुधा परवानगीअभावी. निम्मा शोध इथेच संपतो.
- पीएचपी असेल तर 'डिसेबल_फंक्शन्स' (बंद केलेल्या फंक्शन्सची सेटिंग) तपासा. शेअर्ड होस्टिंगवर 'एक्झेक', म्हणजे बाहेरचा प्रोग्राम चालवणारं फंक्शन, अनेकदा बंदच असतं. तिथे परवानग्यांशी झटापट करण्यात अर्थ नाही, होस्टला विचारा.

नवखे सगळे ज्यात अडकतात ती चूक म्हणजे ७७७, म्हणजेच फाइल वाचण्याची, बदलण्याची आणि चालवण्याची परवानगी सगळ्यांना देणं. कृपा करून ते करू नका! फाइल कुणालाही बदलता येते, आणि अडचण वरच्या फोल्डरच्या परवानगीत असेल तर ती तशीच राहते. वेब युजरला सरसकट 'सुडो', म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, देणं तर त्याहून घातक.

युजरने भरलेला मजकूर कमांडमध्ये जात असेल, तर पहिल्या दिवसापासून पीएचपीचं 'एस्केपशेलआर्ग' हे फंक्शन वापरा; त्यामुळे तो मजकूर कमांड म्हणून न चालता साधा मजकूरच राहतो. याला सूट नाही.

लांबलचक चालणारी कामं, कामांच्या रांगा, क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) हे सगळं नंतर. आधी 'हूअ‍ॅमआय'चं उत्तर आणि एक्झिट कोड इथे टाका, पुढचं मिळून बघू.