मानधन उघड द्या, हिशेबही उघड मागा

प्रश्न : राजकारण म्हणजे समाजसेवा. मग सरपंच-नगरसेवकांना पैसे कशाला द्यायचे?

करवीर तालुक्यातल्या एका सरपंचताईंची वही मी पाहिली आहे. पंचायत समितीच्या फेऱ्या, पेट्रोल, झेरॉक्स, आल्या-गेल्याचा चहा, सगळं तारीखवार लिहिलेलं. त्यापायी बुडालेली शेतमजुरी मात्र वहीत नव्हती. २०२४ मध्ये राज्यानं सरपंचांचं मानधन दुप्पट केलं, तरी दोन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात ते महिना ६,००० रुपयेच आहे. फुकट राबा म्हटलं की पद जातं घरचं भक्कम असलेल्याकडे, नाहीतर टेंडरवर डोळा ठेवणाऱ्याकडे. म्हणून घर चालेल इतकं मानधन द्याच. आणि महापालिकेच्या ठेक्यात भागीदारी असलेला नगरसेवक अपात्र ठरतो, हा कायदा कागदावर ठेवू नका.

प्रश्न : खासदार-आमदारांनी स्वतःचा पगार स्वतःच वाढवायचा, हे बरोबर आहे का?

नाही. खासदारांचं वेतन २०१८ पासून महागाईच्या निर्देशांकाशी जोडलंय. १ एप्रिल २०२३ पासून ते महिना १,२४,००० रुपये धरलं गेलं. आमदारांचा निर्णय अजून विधिमंडळच घेतं. ब्रिटनमध्ये खासदारांच्या खर्चाचा घोटाळा उघड झाल्यावर २००९ मध्ये स्वतंत्र संस्था नेमली. तशी आपल्याकडेही हवी.

प्रश्न : आमच्या तालमीचा पोरगा उभा राहिलाय. त्यालाच मत द्यावं का?

आधी त्याचं शपथपत्र वाचा. गुन्हे, मालमत्ता, कर्ज सगळं त्यात असतं. मग ठरवा.

प्रश्न : महापौरपदाची खांडोळी कधी थांबणार?

हा शब्द कोल्हापूरकरांनाच नीट कळतो. कायद्यानं महापौराची मुदत अडीच वर्षांची. आपल्याकडे नाराजी मिटवायला ती काही-काही महिन्यांवर वाटली गेली. गुलाल उधळायचा, सत्कार घ्यायचे, आणि बजेट हाताला लागेपर्यंत राजीनामा! काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनसारख्या कामाला वर्षानुवर्षं लागतात. त्याचा जाब द्यायला खुर्चीवर तोच माणूस नको का? मला याचा मनापासून राग येतो, कारण यात सगळ्यांना मान मिळतो आणि जबाबदारी कुणाचीच राहत नाही.

दुसरं टोकही आपण भोगलं. नोव्हेंबर २०२० मध्ये कोल्हापूर महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढं पाच वर्षं प्रशासकाचा कारभार. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी, असं घटनेचं कलम २४३-यू सांगतं. गटार तुंबलं की जायचं कुणाच्या दारात?

यापुढं प्रचाराला आलेल्या प्रत्येक आघाडीकडून लेखी घ्या : महापौर कोण आणि किती महिन्यांसाठी. तो कागद पेठेच्या चौकात फलकावर लावा.