चोर एकच, पिक्चर दोन

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून टाकल्या होत्या की ‘द थॉमस क्राउन अफेअर’ नावाचा इंग्रजी पिक्चर दोनदा निघाला, एकदा 1968 मध्ये अन् एकदा 1999 मध्ये, जुन्यातला बुद्धिबळाचा प्रसंग भारी आहे, जमलं तर दोन्ही पाहा आणि कोणता आवडला ते कळवा. वाटलं चार-दोन पत्रं येतील, सोयाबीन काढायचे दिवस, कापूस फुटायला लागलेला, कोणाला वेळ आहे. पण लोकांनी मोबाईलवर पाह्यला, पेनड्राइव्हवर पाह्यला, एका गावात तर पोट्ट्यांनी मंडळाचा प्रोजेक्टर आणून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला आणि पहिल्या चुंबनाला बायामाणसं उठून गेली म्हणे, पण खिडकीतून पाहत होती.

ज्यांनी पाह्यला नाही त्यांच्यासाठी गोष्ट अशी. थॉमस क्राउन गडगंज श्रीमंत माणूस, कशाची ददात नाही, तरी आयुष्याचा कंटाळा आला म्हणून चोरी करतो. विमा कंपनीकडून एक बाई त्याच्या मागावर येते, तिला लवकरच कळते की चोर हाच, आणि तिथून दोघांचं जुळत जाते. जुन्यात स्टीव्ह मॅक्वीन आणि फे डनअवे, चोरी बोस्टनच्या बँकेत. नव्यात पिअर्स ब्रॉस्नन आणि रेने रुसो, चोरी न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये, माल म्हणजे मोने नावाच्या फ्रेंच चित्रकाराचं चित्र. शेवट सांगितल्याशिवाय उत्तरं देता येत नाहीत, तेव्हा ज्यांना अजून पाहायचा आहे त्यांनी पान उलटा.

प्रश्न : भाऊ, आमच्या घरी दोन पार्ट्या पडल्या. मी नव्याकडून, मामाजी म्हणजे सासरे जुन्याकडून. गंमत म्हणजे जुना लावला तेव्हा मधातच पडद्याचे तुकडे झाले, एका तुकड्यात फोन, दुसऱ्यात एक माणूस, तिसऱ्यात दुसराच माणूस, तर मामाजी म्हणे सिग्नल गेला अन् स्लॅबवर चढून डिशची छत्री हलवून आले. पिक्चर पेनड्राइव्हवर होता! आता तेच म्हणतात की ते तुकडेच पिक्चरमधली सगळ्यात भारी गोष्ट. मला तर डोकं दुखलं. निवाडा करा. (एक सून, दारव्हा तालुका)

उत्तर : ताई, मामाजींना माझा रामराम सांगा, छत्री हलवली तरी पारख बरोबर केली. ते तुकडे मुद्दाम आहेत. दिग्दर्शक नॉर्मन ज्युइसन मूळचा कॅनडाचा, 1967 मध्ये तिकडे माँट्रियलला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यात एका पडद्यावर अनेक चित्रं एकदम दाखवणारी फिल्म होती, तिथून ही कल्पना उचलली, आणि पाब्लो फेरो नावाच्या माणसानं ते तुकडे जुळवले. आता हे नुसतं शायनिंग मारायला केलं असतं तर मीही तुमच्या पार्टीत आलो असतो. पण चोरी कशी आहे पाहा नं, पाच माणसं, एकमेकाला कधी पाह्यलेलं नाही, मालकाचं तोंडही पाह्यलेलं नाही, कामावर घेताना तो डोळ्यावर झगझगीत लाईट मारून स्वतः अंधारात बसतो. यातले चौघं चार बाजूनं येऊन एकाच वेळी बँकेत भिडतात, पाचवा पैसे न्यायला गाडी घेऊन. एक-एक करून दाखवलं असतं तर ‘इकडे हा निघाला, तिकडे तो निघाला’ असं रटाळ झालं असतं. तुकडे केले म्हणून सगळे एकदम चालताना दिसतात, आठवडी बाजारात ओट्यावर बसलं की चारी गल्ल्यातून येणारे लोक कसे एकाच नजरेत दिसतात तसं. मात्र पुढे पोलोच्या खेळातही तोच प्रकार केला आहे, तिथे माझंही डोकं दुखलं. अर्धा निवाडा मामाजींकडून, अर्धा तुमच्याकडून, आता चहा कोण मांडते ते तुमचं तुम्ही पाहा.

प्रश्न : पिक्चर खोटा आहे. विमा कंपनी चोर शोधाले एवढी नटलेली बाई पाठवन काय? आमच्याकडे पंचनाम्याले माणूस येत नाही. (एक कास्तकार, हिंगणघाटकडून)

उत्तर : काकाजी, तुमचं पत्र वाचून मी एकटाच हसलो अन् मग हसू जिरलं. पीक विम्यात नुकसान झालं की 72 तासांत कळवा म्हणायचे, मागे एका वर्षी काढणीच्या वेळी पावसानं माझं सोयाबीन शेतातच सडलं, मी दुसऱ्याच दिवशी कळवलं, फोटो टाकले, शेंगांना कोंब फुटले होते तेही जवळून काढून टाकले, आणि माणूस आला तेव्हा मी ते सगळं आवरून चणा पेरला होता. तो धुऱ्यावर उभा राहून म्हणते, ‘नुकसान कुठे दिसून राह्यलं?’ कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन फायदा नाही.

पण पिक्चरमध्ये तसं नाही होत याचं कारण पिक्चरमध्येच सांगितलं आहे. तिथे पैसा कंपनीच्या खिशातून जाणार आहे. बँकेतून 26 लाख डॉलरच्या वर रक्कम गेली, नव्यात तर चित्राची किंमतच 10 कोटी डॉलर, आणि माल परत मिळवला तर त्या बाईला त्यात टक्केवारी आहे. म्हणजे ती पगारी नोकर नाही, ती अडत्यासारखी आहे, सौदा झाला तरच दलाली. हे ध्यानात ठेवून पाहाल तर तिचं प्रेम खरं की दलालीसाठी हा प्रश्न पूर्ण पिक्चरभर टोचत राहते. फे डनअवे हे फार बारीक करते, हसते तेव्हाही हिशेब चालू असते तिचा. आमच्या पंचनाम्यालाही टक्केवारी लावून द्या म्हणतो मी, फॉर्च्युनर घेऊन येतील धुऱ्यावर.

प्रश्न : सर नव्या पिक्चरमधला कॅमेऱ्याचा सीन समजला नाही. आणि ते चित्र खरं आहे का? (बारावीतला विद्यार्थी, अचलपूर)

उत्तर : त्या दालनातले कॅमेरे माणसाच्या अंगाची गरमी पकडणारे आहेत. माणूस गरम, हवा थंड, म्हणून माणूस उठून दिसते. क्राउन काय करते, खोलीतली हवाच तापवून टाकते. आता भिंतही गरम, हवाही गरम, माणूसही गरम, कॅमेऱ्याला सगळं एकसारखं. सायन्स म्हणून तर्क ठीक आहे. फक्त आपल्या चंद्रपुरात हे म्युझियम असतं तर मे महिन्यात 45-46 डिग्रीला चोराला काहीच आणावं लागलं नसतं, बिनहीटरची चोरी झाली असती. चित्र खरं आहे, मोने 1908 मध्ये व्हेनिसला गेला होता तेव्हाचं, संध्याकाळच्या उजेडातलं तिथलं सान जॉर्जो माजोरे चर्च, पण ते न्यूयॉर्कला नाहीच, वेल्समधल्या कार्डिफच्या म्युझियममध्ये आहे. आणि शेवटी ते डोक्यावर बोलर टोपी घातलेले सारखेच दिसणारे ढीगभर लोक फिरतात नं, ते रने माग्रीतच्या 1964 च्या चित्रावरून, टोपीवाला माणूस आणि तोंडासमोर हिरवं सफरचंद. नेटवर शोध, सापडते. पोलिसांना एक टोपीवाला पकडायचा आहे आणि सगळीकडे टोपीवालेच, हा सीन मला दोन्ही पिक्चर मिळून सगळ्यात आवडला. अभ्यास कर आता.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. जुन्यात बुद्धिबळाचा जो प्रसंग आहे त्याची आपण तारीफ केली होती. मला तो प्रसंग बुद्धिबळाचा अपमान वाटला. आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या खेड्यातही मुली पट मांडून बसतात. त्यांना हे असं दाखवायचं का?

उत्तर : गुरुजी, मुलींना नका दाखवू, तो त्यांच्यासाठी नाहीच आहे. पण अपमान म्हणू नका. त्या प्रसंगात किती तरी वेळ कोणी बोलत नाही. फक्त शेकोटीचा उजेड, पट, आणि हात. फे डनअवे मोहऱ्यावरून बोट फिरवते, स्वतःच्या ओठावर बोट ठेवते, क्राउन बिचारा पटाकडे पाहू की हिच्याकडे पाहू असा, कपाळावर घाम. आणि महत्त्वाचं म्हणजे ती नुसती लाडीगोडी करून नाही जिंकत, खेळानं जिंकते, तो अडकते, आणि हरायच्या वेळी उठून म्हणते की चल दुसरं काही खेळू. श्रीमंत माणसाची जुनी सवय, हरायला लागलं की खेळच बदलायचा! अख्खा पिक्चर त्या एका वाक्यात आहे असं मला वाटते. मी पहिल्यांदा हा सीन नागपूरच्या हॉस्टेलवर भाड्याच्या व्हीसीआरवर पाह्यला होता, रात्रीत तीन पिक्चर असा हिशेब असायचा, हा तिसरा, अर्धे पोट्टे झोपले होते, एका शब्दाचं इंग्रजी समजत नव्हतं आणि या सीनला समजायची गरजच पडली नाही.

नव्यात त्याच्या जागी नाच टाकला आहे, काळा झिरझिरीत ड्रेस. तो पाहताना मी घरात एकटा होतो तरी पाणी प्यायला उठलो. नाच चांगला आहे, पण नाचात कोण जिंकलं ते कळत नाही.

प्रश्न : गाणं कोणाचं भारी? (तिघं मित्र, वणी)

उत्तर : जुन्याचं. मिशेल लेग्रांची चाल, ‘द विंडमिल्स ऑफ युअर माइंड’, ऑस्कर मिळालं त्याला, आणि नव्यातही शेवटी स्टिंगच्या आवाजात तेच ठेवावं लागलं. पण नव्यात नीना सिमोनचं ‘सिनरमॅन’ ज्या ठिकाणी वाजते, तिथे टाळ्या. ट्रॅक्टरवर लावून पाहा.

प्रश्न : नव्यातली हिरोईन वयानं मोठी वाटते. तरुण का नाही घेतली? (नाव नको)

उत्तर : बरं झालं नाव नको म्हणालात. ती तेव्हा 45 ची, तो 46 चा. आपल्याकडे 45 ला नायिकेला नायकाची आई करतात आणि नायक साठीपर्यंत कॉलेजात जाते. नव्याची मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच की दोघंही आयुष्यात एकदा तरी पोळलेले वाटतात. जुन्यात फे डनअवे 27 ची होती, तिच्यात रुबाब आहे, थकवा नाही. तीच फे डनअवे नव्यात क्राउनच्या मानसोपचार डॉक्टरच्या भूमिकेत येते आणि त्याच्यावर मजेत हसते, ते चुकवू नका.

प्रश्न : नाव छापू नका. पेरणीच्या वेळी घरच्यांनी मला न विचारता माझी गळ्यात घालायची पोत गहाण ठेवली. मला पेटीत हात घातल्यावर कळलं. मी माहेरी भावाला फोन केला, तो आला, अंगणात चार माणसात बोलला. तेव्हापासून हे माझ्याशी कामापुरतंच बोलतात, जेवायला वाढलं तर मान खाली घालून जेवतात. परवा पोरीनं मोबाईलवर दोन्ही पिक्चर दाखवले. जुन्यात ती बाई पोलिसांना घेऊन जाते अन् तो तिला सोडून निघून जाते, तेव्हा मला रडू आलं. तिचं चुकलं का?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पिक्चरचं आधी सांगतो.

जुन्यात तो तिला सांगते की मी पुन्हा एक चोरी करून राह्यलो, पैसे अमुक कब्रस्तानात येतील, तू तिथे ये. ती येते, पण पोलिस घेऊन. त्याची रोल्स रॉइस गाडी येते, तिच्यातून दुसराच माणूस उतरते अन् तिला तार देते, की मी आधीच निघालो, पैसे घेऊन माझ्या मागे ये, नाही तर गाडी ठेवून घे. ती तारेचे तुकडे करून हवेत उडवते आणि रडते. तो विमानात. लोक म्हणतात तिनं दगा दिला. पण तार पाहा नं. ती तार त्यानं आधी लिहून ठेवली होती! म्हणजे ती पोलिस आणणार हे त्यानं धरूनच ठेवलं होतं, भरोसा तिनं मोडला तसा त्यानंही ठेवलेला नव्हता. परीक्षा घ्यायची, आणि उत्तरपत्रिका आधीच तपासून ठेवायची, अशातला प्रकार.

नव्यात काय वेगळं आहे असं मला खूप जणांनी विचारलं. सगळ्यांना वाटते की नव्यातली बाई पोलिसांना सांगत नाही म्हणून शेवट गोड आहे. तसं नाही. नव्यातलीही सांगतेच, तो चित्र परत ठेवायला येणार हे पोलिसांना तिच्याकडूनच कळते. आणि चित्र तर पहिल्यापासून तिथेच होतं, त्यानं म्युझियमला उसनं दिलेल्या दुसऱ्या चित्राच्या रंगाखाली, पाणी पडल्यावर वरचा रंग धुवून गेला आणि खालून मोने निघाला. मग ती एकटी विमानात बसून रडत असते आणि मागच्या सीटवरून रुमाल पुढे येते. तोच असते. दोन्ही पिक्चरमध्ये बाईनं तेच केलं. फरक एवढाच की एकात तो तरी मागे येऊन बसला.

चोरीसाठी मला नवा आवडते, माणसं पाहायला जुना. पण तुम्ही जे विचारलं त्यासाठी मला त्या तारेपेक्षा तो रुमाल जास्त आठवला. तुम्ही भावाला सांगितलं ते चुकलं असं मी लिहिणार नाही, ज्याची वस्तू पेटीतून गेली त्यानं कोणाला तरी सांगायलाच पाहिजे. अंगणात चार माणसात बोलणं झालं ते नसतं झालं तर बरं होतं, पण ते तुमच्या भावाचं. आणि जो मान खाली घालून जेवते त्याला पोत कुठे ठेवली ते अजून आठवत असन असं मला वाटते.

पहिल्या वेच्याचा कापूस गेला असन आता. पोत सुटली का ते कळवा.