राबणाऱ्या घोड्यांची पेन्सिल स्केचेस शिकायची आहेत, डच चित्रकारांपैकी कोणाची बघू? पेन्सिल कोणती घेऊ?

आधी आन्टोन माउव्ह बघा, बाकीचे नंतर.

हेगजवळ समुद्रकाठी स्खेवेनिंगन आहे, तिथे 1904 पर्यंत बंदरच नव्हतं, सपाट तळाच्या मासेमारी होड्या सरळ वाळूवर यायच्या आणि घोडे जुंपून वर ओढाव्या लागायच्या. माउव्हचं 1882 चं मोठं चित्र यावरच आहे, हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये. त्यात घोडे उड्या बिड्या मारत नाहीयेत, नुसते ओझ्यापुढे उभे आहेत, आणि तेवढ्यावर व्हॅन गॉग खुळावला होता, भावाला त्या म्हाताऱ्या घोड्यांबद्दल पत्रात भरभरून लिहिलंय त्याने.

हे एवढं सांगतोय कारण कॉलेजात मी टांग्याचा घोडा काढला होता, मान खाली, मागचा एक पाय सैल, खुराचं फक्त टोक टेकवलेलं. दमलेला घोडा असाच उभा राहतो, कुठल्याही स्टँडवर जाऊन बघा. सर म्हणाले पाय मोडलाय का याचा, जोश कुठंय? वर्गासमोर हसले, मार्क कापले आणि कॅलेंडरवरचा चौखूर उधळलेला पांढरा घोडा कॉपी करायला लावला. अहो, डच चित्रकार पाउलस पॉटरने 1652 मध्ये घोड्यांची पाच एचिंग्ज (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेली चित्रं) केली, त्यात शेवटी हाडं निघालेलं म्हातारं तट्टू आहे आणि बाजूला एक मेलेलं पडलंय. त्यालाही मार्क कापणार का?

ब्राइटनरपण बघाच, अ‍ॅमस्टरडॅममधले गाडीचे, ट्रामचे घोडे. तो स्वतः फोटो काढायचा, त्यामुळे फोटोवरून काढणं म्हणजे पाप वगैरे कोणी सांगितलं तर सोडून द्या. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमच्या साइटवर माउव्ह, पॉटर, ब्राइटनर तिघांचंही बरंच काम फुकट डाउनलोड होतं, मोठ्या साइजमध्ये.

पेन्सिल कुठलीही मऊ चालेल. व्हॅन गॉग सुताराची जाड पेन्सिल वापरायचा आणि ग्राफाइटची चकाकी घालवायला वर चक्क दूध ओतायचा. मुंग्यांची जबाबदारी तुमची. फक्त तुकतुकीत शेडिंगच्या नादी लागू नका, आधी खांदा आणि मान कुठे ताणली जाते ते पकडा.

आता हेही सांगायला हवं की अ‍ॅनाटॉमी थोडी लागतेच, आणि माउव्ह काही फार मोकळा मास्तर नव्हता. व्हॅन गॉगला त्याने प्लास्टरचे हातपाय बघून काढायला सांगितलं, तर याने ते फोडून कोळशाच्या पेटीत टाकले. आमच्या सरांना हा किस्सा आवडला असता. पण प्लास्टर वेगळं, कॅलेंडर वेगळं.