घरी नायट्रिक काढावं का?

प्रश्न : माझं सोन्याचांदीच्या कारागिरीचं छोटं दुकान आहे. साठलेली मोड (जुन्या, तुटक्या दागिन्यांचं सोनं) स्वतःच शुद्ध करावी म्हणतो, पण नायट्रिक अ‍ॅसिड द्यायला दुकानदार कटकट करतात. सोरा (पोटॅशियम नायट्रेट) आणि बॅटरीचं अ‍ॅसिड घेऊन ते घरीच काढता येतं, असं एक मित्र सांगतो. काढावं का? – एक कारागीर, बार्शी

उत्तर : काढू नका. मित्राचं रसायनशास्त्र बरोबर आहे, पण भांडं तडकलं तर अंगावर तुमच्या येणार, त्याच्या नाही. शिवाय नायट्रिकचं काम चांदी-तांबं विरघळवून सोन्याची भुकटी मागे ठेवायचं, आणि हलक्या सोऱ्यात मीठ असतं. त्यातलं क्लोराईड अ‍ॅसिडात उतरलं की चांदी दह्यासारखी फाटून तळाला बसते, थेट सोन्याच्या भुकटीत. मग पुन्हा पहिल्यापासून.

दुकानदाराची कटकट कायद्याची आहे. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅसिडविक्रीवर बंधनं आणली. नाव, पत्ता, कारण लिहून घेतल्याशिवाय तो देऊ शकत नाही. ओळखपत्र आणि दुकानाचे कागद घेऊन प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे जा. 68-70 टक्क्यांचं सीलबंद घ्या, पक्कं बिल मागा.

आधी हिशेब करा. सोन्याच्या तिप्पट चांदी घालून आटवल्याशिवाय अ‍ॅसिड आतवर शिरत नाही. 1 ग्रॅम चांदीला सव्वा मिलिलिटरच्या आसपास लागतं, तांबं त्याच्या तिपटीहून जास्त खातं. दागिन्यात तांबं किती, हे न बघता बाटली आणणारे पुष्कळ पाहिलेत. पाणी डिस्टिल्डच, नळाच्या पाण्यात चांदी पांढरट गढूळ होते.

आता धूर. तपकिरी धूर ओढून नेणारी बंदिस्त चिमणी नसेल तर हे काम दुकानात करूच नका. तोंडाला रुमाल बांधणं म्हणजे मनाचं समाधान. ठसका येतो, थांबतो, माणूस जेवतो-खातो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. हातमोजे घालाच: अ‍ॅसिडचा थेंब कातडी पिवळी करतो, चांदी विरघळलेल्या पाण्याचा काळी. ते डाग साबणाने जात नाहीत, कातडी झडेपर्यंत मिरवायचे.

महिन्याला 10-20 ग्रॅम मोड निघत असेल तर माझं मत स्पष्ट आहे, गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करणाऱ्याकडे द्या. आमची सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची माणसं देशभरच्या सराफ कट्ट्यांवर बसलीत. समोर उभं राहून आटवून घ्या, टंच (शुद्धता) काढून घ्या.

तरीही केलंतच, तर चांदीच्या पाण्यात तांब्याची पट्टी सोडा, चांदी करडा गाळ होऊन उतरते. उरलेल्या निळ्या पाण्यात लोखंडाचा कीस टाकून तांबं काढा आणि मग चुन्याने अ‍ॅसिड मारा. तसंच गटारात ओतू नका.